गाडी काढायची आहे

मी लोकांचे कान तपासते. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बारीकशी शिट्टी ऐकू आली की दाबा." मग बाहेर बसून मी शिट्ट्या वाजवते आणि कागदावर फुल्या नि गोळे मांडते. एकोणीस वर्षं हेच चाललंय. कुणाला किती ऐकू येतं ते मी अर्ध्या तासात सांगते आणि त्याचाच पगार घेते. तरीही त्या गाडीच्या प्रकरणात माझी जी फजिती झाली, ती ऐकण्यातच झाली. कुणाला सांगायला जावं तर हसतात.

सुरुवात दादामुळे झाली. दादा माझा थोरला भाऊ. त्याची बदली झाली, तीही अशा गावी की आगगाडीत एक रात्र काढावी लागते. आई आठ वर्षं त्याच्याकडे राहत होती. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस तिला व्यायामाच्या बाईंकडे न्यावं लागतं. मी म्हणाले, "आई माझ्याकडे राहील." दादा नाकातल्या नाकात हसला.

"तुझ्याकडे? बसस्टॉपपासून वीस मिनिटं चालत? तिला बसची पायरी चढवत नाही. भाड्याच्या गाड्या तुमच्या गल्लीत वळायला नको म्हणतात. त्यातून एखाद्या दिवशी आलीच नाही गाडी, तर?"

"मी बघेन काय ते."

"बघेन नाही. असं कर, आधी गाडी काढ. मग खुशाल ने आईला."

वहिनी आतून म्हणाली, "झेपेल का गं तुला सगळं?" वहिनी असं काही विचारते तेव्हा उत्तर तिच्याकडे तयार असतं. मी तणतणत घरी आले.

मुदत तीन आठवड्यांची होती. सोमवारी सकाळी सामानाचा ट्रक निघणार, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत माझी गाडी दादाच्या दारात उभी राहायला हवी. नाही राहिली, तर आईचं तिकीट त्याने काढून ठेवलेलंच होतं.

मला आई हवी होती. उगाच लपवत नाही. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. एकीत मी राहते, दुसरीत इस्त्रीला द्यायचे कपडे राहतात. आठ वर्षं मी दर रविवारी पाहुणीसारखी दादाकडे जायचे, वहिनीच्या हातचा चहा घ्यायचे, आईच्या खोलीत तासभर बसायचे आणि दादाने घड्याळाकडे पाहिलं की उठायचे. आता तोही तासभर जाणार होता.

माझं लायसन्स बावीस वर्षांपूर्वीचं. त्यावरच्या फोटोतली मुलगी मलासुद्धा ओळखू येत नाही. पहिल्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि ज्याला त्याला गाडीबद्दल विचारत सुटले. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना म्हटलं, "छोटी हवी, कमी पिणारी हवी आणि एकाच हाताखाली राहिलेली हवी."

"गाडीबद्दलच बोलताय ना?" डॉक्टर म्हणाले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, किती चाललीय ते बघा. वॉचमन म्हणाला, ते बघूच नका, आकडा फिरवता येतो, सायलेन्सरमध्ये बोट घाला. काळं तेलकट निघालं तर इंजिन गेलं समजा. क्लासचे सर म्हणाले, गाडी तापल्याशिवाय खरं बोलत नाही, तासभर तरी चालवून बघा. मावसभाऊ म्हणाला, अॅव्हरेज विचार. कशाचं अॅव्हरेज ते त्याने सांगितलं नाही आणि मीही मठ्ठ दिसायला नको म्हणून विचारलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. व्यायामाच्या बाई तेवढं एक कामाचं बोलल्या. सीट आईच्या गुडघ्याच्या वर हवी, म्हणजे तिला वाकून आत पडावं लागणार नाही. मी आईचा गुडघा टेपने मोजला आणि तो आकडा पर्समध्ये ठेवला.

पाहिलेल्या पहिल्या गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. दुसरीचा मालक "इंजिनला हात लावलेला नाही" असं अभिमानाने सांगत होता. मला वाटलं, बिचाऱ्याने कधी दुरुस्तच केली नाही. ती सोडून आले आणि मग कळलं की ते कौतुक होतं. दोन आठवडे असेच गेले.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, दवाखान्यात एक गृहस्थ आले. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. सोबत त्यांची मुलगी होती. ती एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. साहेबांना मी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवला आणि शिट्ट्या सुरू केल्या. मुलगी माझ्याशेजारी बसून बोलायला लागली.

"बाबांचं एक बरं झालं. दोन वर्षं गाडी नुसती उभी आहे. मला येत नाही, त्यांना डोळ्यांमुळे डॉक्टरांनी मनाई केलीय. विकून टाका म्हटलं की अंगावर यायचे. आणि परवा आपणहून म्हणाले, 'गाडी काढायची आहे.' म्हटलं, चला, सुटले एकदाची."

माझं बोट शिट्टीच्या बटणावर तसंच राहिलं. आत साहेब दचकून काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

"छोटी आहे?" मी विचारलं.

"डबा आहे हो नुसता. उभट, इवलासा. पण पितो कमी, असं बाबा म्हणतात."

"मला गाडी काढायचीय."

"मग या की रविवारी! मी दुकानात असेन, फोनही घेता येत नाही आम्हाला. पण बाबांना सांगून ठेवते, एक बाई येतील म्हणून गाडी काढायला. व्यवहाराचं तुम्ही दोघं बोलून घ्या."

इतकं सरळ काम माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी साहेबांना बाहेर बोलावलं, डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा शाबूत आहे, असं लिहून दिलं आणि घरी जाऊन दुसऱ्या खोलीतले कपडे उचलले. रात्री आईला फोन केला. "रविवारी येते. गाडी घेऊन."

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज कसातरीच आला. मला वाटलं, भरून आलं असेल.

रविवारी दुपारी दोनला मी मोजणीसाहेबांच्या फाटकाशी पोचले. ते तयारच उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात एक चिठ्ठी. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"तुम्ही त्या शिट्टीवाल्या ना? हेही करता?"

"म्हणजे?"

"रविवारी हे करता वाटतं?"

"हो, रविवारच मोकळा असतो मला."

"चांगलंय. माणसाने रिकामं बसू नये. गाडी काढायलाच आलात ना?"

"हो. काढायचीच आहे."

"मग काढा," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

आच्छादन ओढलं तर खाली दुधी रंगाची इवलीशी गाडी. मला बघताक्षणीच आवडली, पण आवडलेली चेहऱ्यावर दाखवायची नसते, असं मावसभावाने बजावलं होतं. मी तोंड वाकडं करून तिच्याभोवती फिरले. मग खाली बसले आणि सायलेन्सरमध्ये बोट घातलं.

"काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"बघतेय."

"काय आहे तिथे?"

बोटाला कोरडी राखाडी धूळ लागली होती. ती चांगली की वाईट, हे वॉचमनने सांगितलं नव्हतं. मी पर्समधून टेप काढली, पुढचं दार उघडून जमिनीपासून सीटची उंची मोजली. आईच्या गुडघ्याहून बोटभर जास्त. आईसाठी हीच गाडी. टेप बघून मात्र साहेब खूश झाले.

"मोजून घेता? वा. हल्ली कोण मोजतंय! पण टेप ढिली धरलीत तुम्ही." त्यांनी टेप घेऊन पुन्हा मोजलं. त्यांचा आकडा आणखी अर्ध्या बोटाने जास्त आला, म्हणजे माझ्याच बाजूने. "आणि काळजी नको. सकाळी मेकॅनिकने नवी बॅटरी टाकलीय."

विकायच्या गाडीला नवी बॅटरी! असा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही, मी मनात म्हटलं.

मी चाकामागे बसले, ते शेजारी बसले. गाडी फाटकातच दोनदा बंद पडली.

"किती वर्षं चालवता?" त्यांनी जरा घाबरूनच विचारलं.

"बावीस वर्षांपूर्वीचं लायसन्स आहे."

"लायसन्सचं नाही विचारलं मी."

तिसऱ्यांदा निघालो. साहेब रस्ता सांगत होते आणि सांगतानाही मोजूनच. "दोनशे फुटांवर डावीकडे. मग साडेतीनशे फूट सरळ." मी क्लच कुठे आहे ते शोधत होते, फूट कुठून मोजणार? एका चौकात मी डावीकडे दिवा दाखवून उजवीकडे वळले. मागून कुणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांनी आपला डावा कान खिडकीकडे होता म्हणून देवाचे आभार मानले असतील.

"इथे थांबवा," ते म्हणाले. हार्डवेअरचं दुकान होतं. साहेब उतरले, चिठ्ठी बघून नळाचा वॉशर घेतला, परत येऊन बसले. "चला."

पाचेक मिनिटांनी पुन्हा, "इथे थांबवा." या खेपेला न्हावी. अर्धा तास मी गाडीत बसून काचेतून साहेबांची दाढी बघितली. गाडी विकणारा माणूस मधेच दाढी का करतो, हे मला कळेना. मग क्लासच्या सरांचं आठवलं. गाडी तापल्याशिवाय खरं बोलत नाही. साहेबांना ते माहीत असणार, म्हणूनच मला सगळीकडे फिरवून दाखवतायत. थांबते कशी, पुन्हा चालू होते कशी, सगळं. माझी त्यांच्याविषयीची भक्ती आणखी वाढली. घड्याळात मात्र साडेतीन झाले होते.

तिसरा थांबा एका जुन्या मित्राच्या घरी. "दहा मिनिटं," म्हणून साहेब आत गेले ते गेलेच. मी वाट बघतेय, ऊन गाडीत शिरतंय. पाऊण तासाने घरातून एक बाई चहाचा कप घेऊन आल्या, खिडकीतून आत दिला आणि म्हणाल्या, "घ्या, ड्रायव्हरबाई."

मी जरा चमकले. पण चालवत मीच होते, तेव्हा चुकीचं काय बोलल्या त्या? चहा मात्र तोंडाशी येऊन कडू लागला. सहा वाजता दादाच्या दारात पोचायचं होतं आणि व्यवहाराचा एक शब्दही झाला नव्हता.

साहेब आले तेव्हा पाच वाजले होते. गाडी थोडी पुढे नेऊन एका शाळेच्या भिंतीशी मी थांबवली. विषय कसा काढावा ते सुचेना. मी स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसले. शेवटी तेच म्हणाले, "बाई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तुमचं काय ते सांगून टाका मोकळेपणी."

मी आकडा सांगितला. डॉक्टर, वॉचमन, मावसभाऊ, तिघांना विचारून ठरवलेला.

साहेबांनी उजवा कान माझ्याकडे केला. "किती?"

मी पुन्हा सांगितला.

"शुद्धीवर आहात का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. फारच कमी सांगितला की काय? मी थोडा वाढवून सांगितला. साहेबांनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"अहो, मी नको म्हणतोय आणि तुम्ही वाढवताय?"

"बरं, मग याच्यावर मात्र जमणार नाही मला," मी म्हणाले आणि मनाशी ठरवलेला शेवटचा आकडा सांगितला. त्यात माझ्या पुढच्या वर्षीच्या बचतीचाही बळी होता. "सगळे एकदम देते हवं तर."

"तुम्ही देता? मला?" साहेब आता खरोखर घाबरलेले दिसत होते. "एका दिवसाच्या ड्रायव्हरकीचे?"

"कसली ड्रायव्हरकी? गाडीचे!"

"गाडीचे कसले?"

"गाडीचे म्हणजे गाडीचे! विकायचीय ना तुम्हाला?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, गाडी काढायची आहे!"

"हो, मग काढली की! ही काय!" त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "दोन वर्षं उभी होती. मला चालवायची बंदी. मुलीला म्हटलं, गाडी काढायची आहे एकदा, दोनचार ठिकाणी जाऊन यायचंय. ती म्हणाली, एक बाई येतील काढायला. मला वाटलं, लेकीने ड्रायव्हर बघून दिली. मी म्हटलं, काय गुणाची पोर!"

मी डोक्याला हात लावला. आपली भाषा तरी काय म्हणावी! तिकीट काढलं म्हणजे विकत घेतलं, किडका दात काढला म्हणजे टाकून दिला आणि फाटकातून गाडी काढली म्हणजे नुसती बाहेर आणली. मला काढायची होती ती तिकिटासारखी, मुलीला दातासारखी, आणि साहेबांना ती घ्यायचीही नव्हती की टाकायचीही नव्हती, नुसती फाटकाबाहेर आणायची होती. तिघंही खरं बोललो होतो.

"हे तुमचं दोघींचं ठरलं कधी?" साहेबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"बुधवारी. दवाखान्यात."

"मी कुठे होतो?"

"तुम्ही आत होतात. हेडफोन लावून."

"म्हणजे मी आत बटण दाबत होतो आणि तुम्ही बाहेर माझी गाडी विकत होतात."

 मला शरम वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते कळेना. त्यांच्या मुलीचा, दादाचा, सायलेन्सरचा, सगळ्यांचा. मी रडायला लागले, तेही असं की नाक गळायला लागलं.

"मला कशाला गुन्हेगार ठरवता?" मी ओरडले. "मला काय माहीत तुम्हाला नुसती दाढी करायला जायचं होतं! तिकडे माझी आई बॅग भरून बसलीय. सहा वाजता गाडी दारात दिसली नाही तर उद्या भाऊ तिला घेऊन जाणार. मग मला वर्षातून एकदा भेटणार ती, फार तर दोनदा. झालं समाधान?"

 साहेबांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"मी गाडी विकणार नाही," ते म्हणाले. "आज नाही, उद्या नाही."

"ठीक आहे."

"भाऊ कुठे राहतो?"

मी सांगितलं.

"म्हणजे इथून सव्वादोन मैल. पुसा डोळे. तुम्हाला कोरड्या डोळ्यांनीही नीट चालवता येत नाही."

दादाच्या दारात पोचलो तेव्हा सहाला पाच कमी होते. घर खोक्यांनी भरलं होतं. भिंतीवरच्या तसबिरी काढलेल्या, खाली चौकोनी डाग. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मांडीवर पर्स, पायाशी एक बॅग. दादा बाहेर आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली.

"काढलीस गाडी?"

"काढली," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी माझे कान तापले.

"आणि हे कोण?"

साहेब पुढच्या सीटवर ताठ बसून होते. मी गडबडले. तेच खिडकीतून म्हणाले, "सोबत आलोय. बाईंचा हात अजून बसायचाय."

दादाला ते पटलं. माझ्या हाताबद्दल वाईट काही सांगितलं की त्याला लगेच पटतं. वहिनीने आईच्या औषधांचा डबा माझ्याकडे दिला, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते दोनदा सांगितलं आणि एकदम आईच्या पाया पडून रडायला लागली. मला तिच्याकडून ते अपेक्षित नव्हतं. दादाने आईला धरून मागच्या सीटवर बसवलं. मागचं दार अरुंद, आईला पाय उचलून आत घ्यायला तीनदा प्रयत्न करावा लागला.  दादाने दार लावलं आणि तसाच दारावर हात ठेवून उभा राहिला.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.  मी जिंकले होते आणि मला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं.

"गाडी तुझी नाही ना?" आई मागून म्हणाली.

माझा गिअर अडकला. "असं का म्हणतेस?"

"तुझी असती तर मला पुढे बसवलं असतंस."

मी आरशात बघितलं. ती तिरकी बसली होती, दुखरा पाय सीटवर आडवा घेऊन, एका हाताने पुढच्या सीटची पाठ धरून.  "नाही," मी म्हणाले. "यांची आहे. ते विकत नाहीत. सगळा गोंधळ झाला, आई. पण मी दुसरी बघते, या आठवड्यात बघते. तोवर टॅक्सी..."

"टॅक्सीने येणार नव्हते का मी?" आई म्हणाली. "दादा म्हणाला गाडी असेल तर ने, तू म्हणालीस आणतेच गाडी. तीन आठवडे तुमचं दोघांचं चाललंय. मी तिथेच खुर्चीवर बसलेली असायची. मी काय सामान आहे का गं, गाडी मिळाली तरच हलवायला? एकदा विचारायचंस, आई, येतेस का? चालत आले असते, लंगडत."

रस्ता मला धूसर दिसायला लागला. आठ वर्षं मी रविवारी तिच्याकडे जात होते आणि दर वेळी दादाला विचारत होते, आई कशी आहे.

"गाडी बाजूला घ्या," मोजणीसाहेब म्हणाले.

त्यांचा उजवा कान आमच्याकडेच होता, हे मी विसरले होते. मला वाटलं, आता हे उतरून जाणार आणि आम्हाला इथेच सोडणार. मी गाडी कडेला घेतली. साहेब उतरले, मागचं दार उघडलं आणि आईपुढे हात केला. "या. पुढे बसा."

आईला बाहेर काढून पुढे बसवायला पाचेक मिनिटं लागली. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. साहेबांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आई पुढच्या सीटवर टेकली, पाय सरळ आत आला आणि तिने इतका मोठा सुस्कारा सोडला की मलाच मोकळं वाटलं. साहेब मागे गेले. गुडघे पोटाशी घेऊन आणि आईची बॅग मांडीवर धरून बसले.

"सोळा वर्षं झाली ही गाडी घेऊन," ते म्हणाले. "मागे कधी बसलोच नव्हतो. फार अडचण आहे हो इथे."

"तुम्हाला त्रास होतोय," आई म्हणाली.

"होतोय." मग त्यांनी पुढे वाकून विचारलं, मला नाही, आईला. "व्यायामाचे वार कोणते तुमचे?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"किती वाजता?"

"सकाळी नवाला."

साहेबांनी बोटांवर वार मोजले. "मला मंगळवार आणि शनिवार पुरेत. रविवारी दुपारी थोडी लागेल."

"रविवारी मला काही नसतं," आई म्हणाली.

"मग बसतंय."

"पण चालवणार कोण सगळ्या दिवशी?" मी विचारलं. "माझी ड्यूटी असते अकराला. आणि तुमच्या मुलीला काय सांगायचं? आणि..."

"तू समोर बघ," आई म्हणाली आणि साहेबांना विचारलं, "उद्या साडेआठ चालेल तुम्हाला?"